किरकोळ व्यापारातील जाहिरात आणि क्यूआर कोड : एक चिकित्सा

प्रस्तावना

जाहिरात म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाशी साधलेला संवाद, अशी व्याख्या वाणिज्य शाखेच्या क्रमिक पुस्तकांतून वर्षानुवर्षे शिकविली जात आहे. गावातील दवंडी, ऑटोरिक्षावरील भोंगा, एस. टी. स्थानकासमोरच्या भिंतीवर रंगविलेला मजकूर, वर्तमानपत्राच्या घडीत घालून वाटलेले पत्रक ही या संवादाची आपल्या परिचयाची रूपे होत. माध्यम बदलले तरी या सर्व रूपांत एक गोष्ट समान राहिली. जाहिरात जे सांगते ते ऐकणाऱ्यास ऐकू येते किंवा वाचणाऱ्यास वाचता येते. दावा अतिशयोक्त असेल, प्रसंगी खोटाही असेल. परंतु तो दावा काय आहे हे समोरच्या माणसास कळते आणि कळते म्हणूनच त्याला त्यावर शंका घेता येते.

गेल्या काही वर्षांत किरकोळ व्यापाराच्या जाहिरातीत भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने टिपावयाचा चौकोनी संकेत, म्हणजेच क्यूआर कोड, सर्रास दिसू लागला आहे. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही तो किराणा दुकानाच्या गल्ल्यापासून कृषी सेवा केंद्राच्या फलकापर्यंत पोहोचला आहे. या साधनाचे स्वागत सामान्यतः 'आधुनिक', 'कमी खर्चाचे' आणि 'परिणाम मोजता येणारे' अशा विशेषणांनी केले जाते. ही विशेषणे निराधार नाहीत. तथापि जाहिरातीतील महत्त्वाचा मजकूर मानवी डोळ्यास वाचता न येणाऱ्या चिन्हात ठेवल्याने विक्रेता आणि ग्राहक यांच्या नात्यात कोणता बदल घडतो, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. लेखाचे स्वरूप सर्वेक्षणात्मक नसून विवेचनात्मक आहे.

बारकोडपासून क्यूआर कोडपर्यंत

बारकोडची मूळ कल्पना अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांची. त्यांना १९५२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. प्रत्यक्ष दुकानात तिचा वापर होण्यास मात्र दोन दशके जावी लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगमचे पाकीट यंत्राखालून गेले आणि किरकोळ व्यापारात नवे युग सुरू झाले. हा बारकोड दुकानदाराच्या सोयीसाठी होता. बिल लवकर व्हावे, साठ्याची नोंद आपोआप व्हावी एवढाच त्याचा हेतू होता. ग्राहकाने तो वाचावा अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती आणि त्यामुळे ग्राहकाचे काही अडतही नव्हते. कारण वस्तूचे नाव, वजन, किंमत व उत्पादनाची तारीख पाकिटावर अक्षरांत छापलेलीच असे.

क्यूआर कोडचा जन्मही दुकानात किंवा जाहिरात संस्थेत झालेला नाही. जपानमधील डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. उभ्या रेषांच्या बारकोडमध्ये माहिती एकाच दिशेने साठविली जाते. क्यूआर कोडमध्ये ती आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी साठविली जाते. त्यामुळे एका कोडमध्ये ७,०८९ अंकांपर्यंत मजकूर मावतो. तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांमुळे यंत्रास कोडची दिशा तत्काळ कळते. दुरुस्तीची सर्वोच्च पातळी निवडल्यास सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. कोडच्या मध्यभागी कंपनीचे बोधचिन्ह छापूनही तो चालतो, तो याच गुणामुळे. कंपनीने पेटंट असूनही प्रमाणित कोडच्या वापरावर शुल्क आकारले नाही आणि २००० मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. जगभर झालेल्या प्रसाराचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

जाहिरातीतील वापराचे एक उदाहरण नेहमी दिले जाते. २०११ मध्ये दक्षिण कोरियातील सोल शहरात होमप्लस या विक्री साखळीने भुयारी रेल्वेच्या स्थानकात दुकानातील मांडणीची छायाचित्रे लावली. प्रत्येक वस्तूच्या चित्राखाली कोड होता. तो टिपला की वस्तू घरी पोहोचविली जात असे. या उदाहरणातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. तेथे वस्तूचे चित्र व किंमत प्रवाशास उघड्या डोळ्यांनी दिसत होती. कोडकडे केवळ मागणी नोंदविण्याचे काम होते. जाहिरातीचा आशय कोडमध्ये दडविलेला नव्हता.

भारतातील मार्ग वेगळा आहे. येथे सामान्य माणूस कोड टिपण्यास शिकला तो जाहिरातीमुळे नव्हे, तर पैसे देण्याच्या निमित्ताने. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय प्रणालीची घोषणा झाली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत क्यूआर आले. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने देयकाचे कोड परस्परांच्या ॲपमध्ये चालावेत असे निर्देश दिले. परिणामी भाजी विक्रेत्यापासून सराफापर्यंत सर्वांकडे एकाच पद्धतीचा कोड आला आणि 'कोड दिसला की टिपायचा' ही सवय ग्राहकाच्या हातास जडली. जाहिरातदार आज वापरतो ती हीच, दुसऱ्या व्यवहारात कमावलेली सवय. पुढील विवेचनाचा हा पाया आहे.

एक रूप, तीन कार्ये

बाजारात दिसणाऱ्या कोडचे कार्यानुसार तीन प्रकार करता येतात : देयकाचा कोड, प्रसिद्धीचा कोड आणि पडताळणीचा कोड. देयकाचा कोड टिपल्यावर पैसे कोणाच्या नावे जाणार हे पडद्यावर दिसते व सामान्यतः ग्राहकाने स्वतःचा गुप्त क्रमांक दिल्याखेरीज व्यवहार पुरा होत नाही. म्हणजे तेथे थांबून पाहण्याची एक पायरी आहे. पडताळणीचा कोड ग्राहकास शासकीय किंवा नियमाने बंधनकारक केलेल्या नोंदीपर्यंत नेतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचे नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, उत्पादकाचा परवाना क्रमांक इत्यादी तपशील असणे आवश्यक आहे. प्रसिद्धीच्या कोडबाबत असे काहीच ठरलेले नाही. तो कोणत्याही पत्त्यावर नेऊ शकतो. त्या पत्त्यावर काय असेल हे जाहिरातदार ठरवितो.

तिन्ही प्रकार दिसावयास मात्र अगदी सारखे आहेत. ग्राहकास फरक कळतो तो टिपल्यानंतर. एका कोडवर दुसऱ्या कोडचे स्टिकर चिकटवून फसवणूक करणे सोपे जाते तेही याच कारणाने. छापील पाटीवरील नाव बदलले तर रोज ये-जा करणाऱ्याच्या लक्षात येते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रचना बदलली तर खुद्द दुकानदाराच्याही लक्षात येत नाही.

प्रसिद्धीच्या कोडची चिकित्सा

पहिला आक्षेप मोजमापाविषयी आहे. अवधान, आस्था, इच्छा व कृती या चार पायऱ्यांची मांडणी जाहिरातशास्त्रात रूढ आहे. कोडमुळे चौथी पायरी मोजता येते, असे समर्थक म्हणतात. किती जणांनी, कोणत्या वेळी कोड टिपला हे कळते, हे खरेच. परंतु जो टिपू शकला नाही त्याची नोंद कोठेच होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर पुरुषांचे सुमारे ५७ टक्के होते. ग्रामीण भागात हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २५ व ४९ टक्के होते. त्यानंतर वापर वाढला आहे. तरीही दरीची दिशा या आकड्यांवरून स्पष्ट होते. घरचा किराणा ज्या स्त्रीच्या निर्णयाने भरला जातो, तिच्याच हाती स्वतःचा स्मार्टफोन नसेल तर तिच्या दृष्टीने तो कोड म्हणजे कागदावरील नक्षी ठरते. मोजमापात ती उदासीन ग्राहक म्हणूनही येत नाही. ती अस्तित्वातच नसते. त्यामुळे कोडवरून काढलेला परिणामकारकतेचा आकडा हा वस्तुतः आधीच साधनसंपन्न असलेल्या ग्राहकांपुरताच असतो.

दुसरा आक्षेप अटींविषयी आहे. सणासुदीच्या पत्रकात 'सवलत' हा शब्द ठळक टाइपात आणि 'अटींसाठी कोड टिपा' ही ओळ तळाशी, अशी मांडणी आता परिचित झाली आहे. पूर्वी 'अटी लागू' असे बारीक अक्षरांत लिहीत. ग्राहक चष्मा लावून ती अक्षरे वाचू तरी शकत असे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार जाहिरातीतील खुलाशाची टीप दाव्याच्याच भाषेत असावी, सहज वाचता यावी आणि तिने महत्त्वाची माहिती लपवू नये, असे अपेक्षित आहे. दावा कागदावर मराठीत आणि त्याच्या मर्यादा इंग्रजी संकेतस्थळावर, ही मांडणी या तत्त्वांच्या आशयाशी विसंगत आहे, असे म्हणावे लागते.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी असून त्याची चर्चा फारशी झालेली आढळत नाही. क्यूआर कोड स्थिर किंवा परिवर्तनशील असू शकतो. परिवर्तनशील कोडमध्ये एक मधला पत्ता असतो आणि तेथून ग्राहकास कोठे वळवायचे हे जाहिरातदार छपाईनंतरही बदलू शकतो. शिवाय स्थिर कोडच्या मागील पानाचा मजकूरही बदलता येतोच. छापील जाहिरात हा एक दस्तऐवज असतो. दिवाळीतील पत्रक जपून ठेवले तर पौषातही ते तेच सांगते आणि जिल्हा ग्राहक आयोगासमोर ते पुरावा म्हणून ठेवता येते. कोडवर विसंबलेल्या जाहिरातीचा कागद ग्राहकाकडे राहतो, पण तिचा आशय जाहिरातदाराकडेच राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकास किंवा पुरस्कर्त्यास १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसाच प्रकार घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण जाहिरात त्या दिवशी काय म्हणत होती हेच सिद्ध करता आले नाही, तर या तरतुदीचा उपयोग काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

चौथा आक्षेप माहितीच्या देवघेवीविषयी आहे. अनेकदा कोडमागील पान उघडताच नाव व भ्रमणध्वनी क्रमांक विचारला जातो. तो दिल्याशिवाय सवलतीचा तपशील दिसत नाही. जुन्या जाहिरातीत विक्रेता बोले आणि ग्राहक गुमान ऐकून पुढे जाई. येथे जाहिरात ऐकण्यासाठी ग्राहकासच आधी काही द्यावे लागते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना बिलाच्या वेळी क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना केली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फसव्या रचनांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांनी निषिद्ध ठरविलेल्या १३ प्रकारांत 'सक्तीची कृती' हा प्रकार आहे. गल्ल्यावर जे अनुचित ठरले, ते कोडच्या आडून उचित ठरू नये.

पाचवा आक्षेप भाषेचा. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असा नियम आहे; २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पाटीवरील अक्षराच्या आकाराविषयी एवढी दक्षता घेणारा हा नियम कोडच्या उंबरठ्यावर थांबतो. पाटी मराठीत, कोडमागील सारे पान इंग्रजीत, अशी स्थिती त्यामुळे संभवते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. माहिती घेताना मराठीचा पर्याय द्यावयाचा असेल, तर माहिती देतानाही तो असावा, ही अपेक्षा गैरवाजवी नाही.

महारेराचा दाखला

वरील आक्षेपांवरून कोड जाहिरातीत असूच नये असा निष्कर्ष निघत नाही. महाराष्ट्रातच याचे उत्तम प्रत्यंतर आहे. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक केले आणि उल्लंघनासाठी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. नोंदणी क्रमांक व संकेतस्थळ यांच्याजवळच हा कोड असावा लागतो. तो टिपला की प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या, विकासकाने वेळोवेळी सादर केलेली माहिती इत्यादी नोंदी ग्राहकासमोर येतात.

येथे कोड जाहिरातदाराने छापला आहे, जागाही त्याच्याच पैशाची आहे. परंतु कोडमागील मजकूर त्याच्या एकट्याच्या मालकीचा नाही. तरणतलाव आणि उद्यानाच्या रंगीत चित्राशेजारी त्या चित्राची परीक्षा घेणारा दरवाजा ठेवला गेला आहे. त्याच तंत्राने एका ठिकाणी माहिती झाकली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी ती उघडली जाते. म्हणून चिकित्सेचा विषय तंत्र नसून कोडमागील मजकुरावर मालकी कोणाची, हा आहे.

बियाण्याच्या पिशवीवरील कोड

मंगरूळपीर तालुक्याच्या संदर्भात हा प्रश्न जूनमध्ये कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर सर्वाधिक तीव्र होतो. सोयाबीन, तूर आणि कपाशी ही येथील खरिपाची मुख्य पिके. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ मध्ये समाविष्ट झालेल्या वाशीम जिल्ह्यात कोरडवाहू शेतकऱ्यास बियाणे निवडण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते. बियाणे उगवले नाही तर दुबार पेरणीचा खर्च आणि निघून गेलेला पाऊस, दोन्ही त्याच्या माथी येतात. शहरातील ग्राहकाची फसलेली सवलत आणि शेतकऱ्याची फसलेली पिशवी यांची तुलना होऊ शकत नाही.

बियाण्याच्या पिशवीस जोडलेली जुनी खूणचिठ्ठी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. पैदासकार बियाण्यास पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी आणि प्रमाणित बियाण्यास निळी चिठ्ठी असते. अक्षरओळख नसलेला शेतकरीही रंगावरून बियाण्याचा दर्जा ओळखू शकतो. चिठ्ठीवर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक व चाचणीची तारीख छापलेली असते. प्रमाणित सोयाबीनसाठी किमान उगवणशक्ती ७० टक्के ठरलेली आहे. घरातील शाळकरी मूलही हा आकडा वाचून दाखवू शकते.

केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये 'साथी' ही बियाण्यांचा माग ठेवणारी प्रणाली सुरू केली असून पिशवीवरील क्यूआर कोडवरून बियाण्याचा उगम शोधता यावा, हा तिचा उद्देश आहे. बोगस बियाण्याच्या प्रश्नावर हे निश्चितच उपयुक्त पाऊल होय. तथापि त्याच पिशवीवर कंपनीचा प्रसिद्धीचा कोडही असेल, तर चित्रफितीत भरघोस शेंगा दाखविणारा कोड कोणता आणि लॉटची खरी नोंद दाखविणारा कोणता, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? पडताळणीच्या कोडची विश्वासार्हता प्रसिद्धीचा कोड आयती वापरतो, ती अशी. पूर्वी चिठ्ठ्यांना रंग देणाऱ्यांना ही अडचण कळली होती. कोडच्या बाबतीत ती अद्याप कोणी लक्षात घेतलेली दिसत नाही.

दुसरी बाजू

लहान व्यापाऱ्याची बाजूही येथे मांडली पाहिजे. मोठ्या विक्री साखळीप्रमाणे पानभर जाहिरात देणे त्यास परवडत नाही. कोड छापण्यास जवळजवळ खर्च नाही. त्याच्या आधारे तो आजचा भाव, नवा माल, घरपोच सेवेचा क्रमांक ग्राहकापर्यंत पोहोचवू शकतो. माल बदलला तर पत्रक पुन्हा छापावे लागत नाही. म्हणजे ज्या परिवर्तनशीलतेवर वर आक्षेप घेतला, तीच लहान दुकानदारास वरदान ठरते. शिवाय येत्या काळात साध्या बारकोडची जागा द्विमितीय कोडने घ्यावी या दृष्टीने २०२७ अखेरपर्यंत दुकानांतील यंत्रे सज्ज व्हावीत, असा जीएस१ या जागतिक संस्थेचा प्रयत्न आहे. तसे झाल्यास बिलाचा, माहितीचा व प्रसिद्धीचा कोड एकच होईल. त्यामुळे कोडला सरसकट विरोध व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही.

मात्र दुकानदाराची आणि कंपनीची परिस्थिती भिन्न आहे. दुकानदार गावातला असतो. कोडमधील भाव आणि गल्ल्यावरील भाव वेगळा निघाला तर ग्राहक त्याला समोरासमोर विचारू शकतो. कंपनीच्या कोडमागे विचारण्यासारखे कोणी नसते. जबाबदारीचे नियम ठरविताना हा भेद लक्षात ठेवणे न्यायाचे होईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निकष सुचविता येतात. एक, वस्तूची किंमत, परिमाण, मुदत आणि सवलतीच्या मुख्य अटी अक्षरांत छापलेल्या असाव्यात. कोड हा त्यांचा विस्तार असावा, पर्याय नव्हे. दोन, कोडखाली तो कोणाचा आहे व कशासाठी आहे हे मराठीत एका ओळीत लिहावे. तीन, शासकीय पडताळणीच्या कोडला प्रसिद्धीच्या कोडपासून वेगळी करणारी रंगाची किंवा चौकटीची ठरलेली खूण असावी. बियाण्याच्या चिठ्ठीची पद्धत त्यासाठी आदर्श ठरावी. चार, जाहिरातीचा मजकूर पाहण्यासाठी भ्रमणध्वनी क्रमांक मागू नये. पाच, कोडमागील मजकूर बदलल्यास बदलाची तारीख दर्शवावी आणि सवलतीची मुदत संपल्यानंतरही काही काळ मूळ मजकूर उपलब्ध ठेवावा. सहा, स्मार्टफोन नसलेल्या ग्राहकासाठी साधा दूरध्वनी क्रमांक किंवा दुकानात छापील प्रत असावी.

वस्तूचा दर्जा, परिमाण, शुद्धता आणि किंमत जाणून घेणे हा ग्राहकाचा कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. तो फोनच्या मालकीवर अवलंबून नाही. महाविद्यालयीन स्तरावर वाणिज्य, अर्थशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या गावच्या बाजारपेठेतील कोडची पाहणी विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास, कोणता कोड कोठे नेतो, कोणत्या भाषेत बोलतो आणि बदल्यात काय मागतो याची विश्वसनीय नोंद तयार होऊ शकेल. खरिपाच्या हंगामापूर्वी केलेली अशी नोंद तालुक्यातील शेतकऱ्यांस तत्काळ उपयोगी पडेल.